दृढीकरणानंतर पुढे काय? प्रौढ विश्वासणाऱ्यांच्या वाढीसाठी वर्षभराचा क्रम हवा आहे

मोहरीचा_दाणा

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीत दहा-अकरा प्रौढांचा एक गट तयार होतो आहे. वयं पंचवीस ते साठ. सगळ्यांचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण (मोठेपणी मंडळीसमोर स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झालेलं, सगळे प्रभुभोजन घेणारे. पण दृढीकरणाचा वर्ग संपल्यावर पद्धतशीर शिक्षण कुणालाच मिळालेलं नाही. पाळकसाहेबांकडे पाच गावं आहेत, ते महिन्यातून एकाच रविवारी येतात. बाकीचे रविवार वडीलजन उपासना चालवतात. गटात शेतमजूर आहेत, कारखान्यात पाळीवर जाणारे आहेत, दोन शिक्षिका आहेत आणि दोन भगिनींना वाचता येत नाही.

"प्रार्थना करा, शास्त्र वाचा, संगतीला या" हे सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय. त्यापुढचं नेमकं हवं आहे. माणूस आत्मिकदृष्ट्या वाढतो आहे हे ओळखायचं कशावरून? रोज काय आणि किती करावं, म्हणजे ते टिकेल? प्रार्थना कोरडी पडते, काहीच जाणवत नाही, तेव्हा काय सांगायचं? आणि असा गट वर्षभर चालवताना कुठे काय बिघडतं?

अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

जड_अन्न

सलाम. ओळखायचं कशावरून, हा प्रश्न तुम्ही आधी विचारलात ते बरं झालं. तिथेच चूक झाली की पुढचा सगळा क्रम चुकीच्या दिशेने जातो.

करिंथची मंडळी बघा. प्रेषित पौल त्यांना लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात म्हणतो की तुम्ही कोणत्याही कृपादानात उणे नाही (1 करिंथ 1:7). बोलण्यात संपन्न, ज्ञानात संपन्न. आणि तिसऱ्या अध्यायात त्याच लोकांना तो 'ख्रिस्तातली बालकं' म्हणतो, अजून दुधावरच आहात म्हणतो. कारण काय देतो? तुमच्यात हेवा आणि कलह आहे. एक म्हणतो मी पौलाचा, दुसरा म्हणतो मी अपुल्लोसाचा. म्हणजे कृपादानं भरपूर असूनही माणूस बालक राहू शकतो. आपल्याकडे सुंदर प्रार्थना करणारा, तोंडपाठ वचनं सांगणारा किंवा आवेशाने साक्ष देणारा माणूस आपोआप परिपक्व ठरतो आणि त्याला वडील नेमलं जातं. तीमथ्याच्या पहिल्या पत्रातला तिसरा अध्याय उघडून बघा. अध्यक्षासाठी दिलेल्या गुणांमध्ये 'शिकवण्यात निपुण' हा एकच गुण कौशल्याचा आहे. बाकी जवळजवळ सगळे स्वभावाचे आणि वागणुकीचे: नेमस्त, अतिथिप्रिय, मारका नसलेला, पैशाचा लोभ नसलेला, घर नीट चालवणारा, बाहेरच्यांत चांगलं नाव असलेला. आणि तो नवशिका नसावा, हेही स्पष्ट लिहिलंय. का, तर गर्वाने फुगून पडेल म्हणून.

तेव्हा वाढ बघायची ती नात्यांत. पुढच्या गोष्टी खरोखर बघता येतात:

भांडण झाल्यापासून समेटाचं पहिलं पाऊल पडेपर्यंत किती काळ जातो? आधी वर्ष-वर्ष अबोला धरणारा माणूस आता आठवड्यात बोलायला जातो, ही वाढ आहे, मग त्याला एकही नवीन वचन पाठ नसलं तरी चालेल. समोर नसलेल्या माणसाबद्दल तो काय बोलतो (याकोबाच्या तिसऱ्या अध्यायाची पहिली बारा वचनं जिभेवरच आहेत)? कुणी चूक दाखवली तर पहिलं वाक्य काय येतं? उसने घेतलेले पैसे सांगितलेल्या तारखेला परत जातात का? आपल्याहून कमी पगाराच्या, खालच्या हुद्द्याच्या, लहान वयाच्या माणसाशी तो कसा बोलतो? आणि कुणी बघत नसताना तो काय करतो? मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल एकच गोष्ट सांगतो: गुप्तपणे करा.

गलतीकरांस पत्रात (5:22-23) आत्म्याचं फळ सांगितलंय: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. काही गटांत या नऊ गुणांचा तक्ता करून प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायला लावतात. ते करू नका. प्रामाणिक माणूस स्वतःला कमी गुण देऊन खचतो, आत्मसंतुष्ट माणूस आठ-नऊ देऊन मोकळा होतो. फळ दुसऱ्याला चाखता येतं. म्हणून घरच्यांना किंवा जवळच्या एका विश्वासू माणसाला विचारावं, तेही वर्षातून एक-दोनदाच: "गेल्या सहा महिन्यांत माझ्याबरोबर राहणं सोपं झालंय की अवघड?" एवढा एक प्रश्न पुरतो. उत्तरावर वाद घालायचा नाही, ही अट.

आणखी एक. वाढ आपल्या जोरावर होते असं गटाला वाटू देऊ नका. पौलाने लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, पण वाढवणारा देव (1 करिंथ 3:6-7). त्याचा अर्थ हातावर हात ठेवून बसावं असाही होत नाही. फिलिप्पैकरांस 2:12-13 मध्ये दोन्ही गोष्टी एका दमात आहेत: आपलं तारण भीत व कापत साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्या ठायी देवच घडवतो. यातलं पहिलं वाक्य सोडणारे आळसावतात आणि दुसरं सोडणारे कडवट होतात.

---

दररोजची_भाकर

वाचनाबद्दल लिहितो, कारण सर्वांत जास्त लोक तिथेच गळतात.

गळण्याचं कारण बहुतेक वेळा हिशेबाचं असतं. आपल्या पवित्र शास्त्रात 1189 अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीन, कधी चार. जानेवारीत उत्पत्ती छान जाते, निर्गमाचा पूर्वार्धही जातो, मग निवासमंडपाची मापं येतात, पुढे लेवीय, आणि फेब्रुवारीत माणूस पाच-सहा दिवस मागे पडतो. मग एका रविवारी वीस अध्याय भरून काढायचा निश्चय होतो, तो मोडतो, आणि पुस्तक बंद. त्यानंतर वर्षभर अपराधीपणा.

नव्या करारात 260 अध्याय आहेत. आठवड्याला पाच घेतले तर बरोबर 52 आठवडे. एक अध्याय रोज, पाच दिवस. सहाव्या दिवशी त्याच पाचांतला सर्वांत न समजलेला अध्याय पुन्हा. रविवारी उपासनेत जे वाचलं जाईल ते. चुकलेला दिवस भरून काढायचा नाही, हा नियम पहिल्याच बैठकीत सांगा. आजचा जो अध्याय आहे तो वाचायचा, मागचा गेला तर गेला. या एका नियमाने खूप लोक टिकतात.

ज्यांना अजिबात सवय नाही त्यांनी आधी मार्क घ्यावा. सोळा अध्याय, आठवड्याला चार, म्हणजे चार आठवड्यांत एक पूर्ण शुभवर्तमान हातावेगळं होतं. काहीतरी पूर्ण केल्याचा धीर पुढे उपयोगी पडतो.

रोजचा वेळ वीस मिनिटं धरा. पहिली दोन मिनिटं गप्प बसणं आणि एका वाक्यात प्रार्थना. मग अध्याय मोठ्याने वाचणं. डोळ्यांनी वाचताना ओळखीच्या वचनांवरून नजर घसरते, तोंडाने वाचताना घसरत नाही. साधारण अध्यायाला पाच मिनिटं लागतात. मग त्यातली पाच-सहा वचनं पुन्हा, सावकाश. मग वहीत तीन ओळी: इथे देवाबद्दल काय कळतं, इथे माणसाकडून काय मागितलंय, आज रात्रीपर्यंत मी कोणाशी काय करणार. तिसऱ्या ओळीत माणसाचं नाव आणि कृती आलीच पाहिजे. "मी अधिक प्रेमळ होईन" असं लिहिलं तर ती ओळ खोडा. "जावेला फोन करून दवाखान्यात कधी जायचं ते विचारीन" ही ओळ चालेल. उरलेली मिनिटं प्रार्थनेची, आणि तीही त्याच तीन ओळींवर सुरू करायची, म्हणजे रोज त्याच मागण्यांची यादी म्हटली जात नाही.

झोपण्यापूर्वी एक स्तोत्र. 150 स्तोत्रं, रोज एक, म्हणजे पाच महिन्यांत एक फेरी. 119वं 176 वचनांचं आहे, ते मूळ रचनेतच आठ-आठ वचनांच्या 22 भागांत आहे, तसंच तोडून घ्या. स्तोत्रांत राग, तक्रार, भीती सगळं देवासमोर बोलून दाखवलेलं आहे. ज्यांना फक्त गोड प्रार्थना करायची सवय आहे त्यांना स्तोत्रं खरं बोलायला शिकवतात.

तुमच्या वाचता न येणाऱ्या भगिनींसाठी: मोबाईलवर मराठी बायबल ऐकता येतं, पण त्याहून चांगलं म्हणजे घरातल्या किंवा शेजारच्या मुलाने रोज एक अध्याय त्यांना वाचून दाखवणं. तीन ओळी त्या तोंडी सांगतील. पाठांतरात अशा भगिनी बहुतेक वेळा सगळ्यांच्या पुढे जातात, त्यांनाच आठवड्याचं वचन म्हणायला सांगा. पाठांतर आठवड्याला एकच वचन, पण उजळणी ठरलेली: त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. उजळणीशिवाय केलेलं पाठांतर महिनाभरात जातं.

आता सर्वांत मोठा बिघाड. संदर्भाशिवाय वचन उचलणं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर यिर्मया 29:11 असतं, "तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत", आणि माणूस ते आपल्या नोकरीच्या अर्जाला लावतो. दहावं वचन वाचा: हे बाबेलात बंदिवासात गेलेल्यांना लिहिलंय आणि त्यात सत्तर वर्षांची मुदत आहे. पाचवं वचन सांगतं घरं बांधा, बागा लावा; सातवं सांगतं त्या परक्या नगराचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतण्याचा दिवस बघायला मिळणार नव्हता, आणि तरीही त्यांनी तिथे विश्वासूपणे राहायचं होतं. मला हे वचन कॅलेंडरवरच्या अर्थापेक्षा पूर्ण संदर्भासह जास्त बळ देणारं वाटतं. तसंच फिलिप्पै 4:13, "मला शक्ती देणाऱ्याच्या साहाय्याने मी सर्व काही करू शकतो". आधीचं वचन उपाशी राहण्याबद्दल आणि तृप्त असण्याबद्दल आहे. परीक्षेत पहिला येण्याचं ते वचन नाही. गटाला एकच सवय लावा: कुणीही वचन सांगितलं की त्याच्या आधीची पाच आणि नंतरची पाच वाचायची.

---

वसईचा_वाटसरू

ख्रिस्तात नमस्कार. मी कॅथलिक आहे, तुमची परंपरा वेगळी असेल, पण कोरडेपणाच्या प्रश्नावर येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोलांचं (1491–1556) मार्गदर्शन कुठल्याही ख्रिस्ती माणसाला वापरता येईल असं आहे.

आधी रोजचा आत्मपरीक्षणाचा क्रम. रात्री दहा ते पंधरा मिनिटं, पाच पायऱ्या. दिवसातल्या ठरावीक गोष्टींसाठी देवाचे आभार. स्वतःला खरं दिसावं म्हणून प्रकाशाची मागणी. मग सकाळपासून तासातासाने दिवस डोळ्यांसमोरून जाऊ देणं: कुठे देवाकडे सरकलो, कुठे दूर गेलो. मग चुकलेल्याची क्षमा. शेवटी उद्याच्या दिवसासाठी एक निश्चय. पहिली पायरी गाळली की बाकीचं सगळं स्वतःला झोडपणं होतं, म्हणून तिला निदान तीन मिनिटं द्यावीत. पाळीवर जाणाऱ्यांनी घरी येताना बसमध्ये केलं तरी चालतं. झोपेतून उठल्यावर पहिला तास सोडून मग करावं, कारण अर्धवट झोपेत मन फक्त चिंता मोजतं.

आता कोरडेपणा. इग्नेशियस त्याची तीन कारणं देतात. एक, आपणच सवयी ढिल्या सोडलेल्या असतात. दोन, देव आपल्याला पारखत असतो, गोडवा मिळत नसताना आपण किती पुढे जातो ते पाहतो. तीन, गोडवा ही आपली कमाई नव्हती, देणगी होती, हे कळावं म्हणून. पहिलं कारण असेल तर उपाय सरळ आहे. दुसरं-तिसरं असेल तर त्यांचा नियम असा की चांगल्या काळात घेतलेला निर्णय कोरड्या काळात बदलू नये. संगती सोडायची, मंडळी बदलायची, लग्न मोडायचं, सेवा सोडायची, असले निर्णय त्या दिवसांत घेऊ नयेत. प्रार्थनेची वेळ कमी करण्याऐवजी थोडीशी, दोन-तीन मिनिटंच, वाढवावी. आणि ही गोष्ट मनात न ठेवता कुणा जाणत्या माणसाला सांगावी.

त्या काळात स्वतःचे शब्द सुचत नाहीत. म्हणून तयार शब्द घ्यावेत: प्रभूची प्रार्थना, स्तोत्र, आमच्याकडे जपमाळ. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांच्या 'दिदाखे' या शिकवणपुस्तिकेत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलीय, बुधवारी आणि शुक्रवारी उपास सांगितलाय. भावना येते का जाते, याची चौकशी त्यात कुठेच नाही. आणि 88वं स्तोत्र गटात एकदा अवश्य वाचा. ते अंधार या शब्दावर संपतं, शेवटी आशेची ओळ नाही. तरीही ते शास्त्रात आहे आणि देवालाच उद्देशून आहे.

एक सावधगिरी मात्र ठळकपणे. प्रत्येक कोरडेपणा आत्मिक नसतो. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली, भूक मेलेली, कशातच रस नाही, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर त्या माणसाला डॉक्टरकडे न्या. "विश्वास कमी पडतोय" असं म्हणू नका. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा (1 राजे 19) देवदूताने त्याला दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिलं, मधे झोपू दिलं. प्रश्न नंतर विचारला.

याच्या उलट टोकाचीही माणसं असतात. तेच एक पाप पुन्हापुन्हा कबूल करणारी, क्षमा मिळालीच नाही असं वाटणारी. त्यांना आत्मपरीक्षण वाढवायला सांगणं घातक आहे. त्यांना ते कमी करून, पाचच मिनिटं, तेही फक्त आभारांचं द्यावं, आणि एकाच मार्गदर्शकाकडे जायला सांगावं.

---

मोहरीचा_दाणा

सर्वांचे आभार, हे छापून गटात वाटणार आहे. दोन गोष्टी अजून. बैठक प्रत्यक्ष कशी चालवावी? आणि आमच्यात एक भाऊ आहेत, शास्त्राचं ज्ञान खरोखर दांडगं, पण बोलायला लागले की बाकीचे गप्प. त्यांना दुखवायचं नाही. शिवाय गटातल्या दोन घरांत जुनं भांडण आहे, बांधावरून. ते मधे आलं तर?

---

वर्गनायक

बैठकीबद्दल. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांमध्ये 1742 मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलला जे 'वर्ग' सुरू झाले त्यांचा उगम कामाचा आहे. उपासनेच्या इमारतीचं कर्ज फेडायचं होतं. ठरलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि बारा-बारा जणांमागे एकाने ती घरोघर जाऊन गोळा करावी. गोळा करणारे घरात शिरले तेव्हा त्यांना दिसलं की कोण कसं जगतंय: कोण दारू पितोय, कुठे भांडण आहे, कोण आजारी आहे. वेस्लीला लक्षात आलं की लोकांची खरी काळजी घेण्याची वाट हीच. पुढे घरोघर जाण्याऐवजी वर्ग आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागला. माणसाच्या जिवाची विचारपूस त्याच्या घरापर्यंत जाणाऱ्याकडूनच होते. म्हणून तुमच्या गटप्रमुखाने महिन्यात प्रत्येक घरी एकदा जायचं, चहापुरतंच का होईना. बैठक त्याशिवाय पोकळ राहते.

दहा-अकरा ही संख्या चांगली आहे. बाराच्या वर गेली की दोन गट करा. बैठक दीड तासाची, वेळेवर सुरू, वेळेवर बंद. पाळीवाले आणि लहान मुलांच्या आया वेळ पाळली तरच टिकतात. दहा मिनिटं गाणी. 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातली रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं घ्या, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ती पाठ असतात. पंचवीस मिनिटं आठवड्यातल्या पाच अध्यायांपैकी एकावर. चाळीस मिनिटं प्रत्येकाची विचारपूस, माणशी साडेतीन-चार मिनिटं. उरलेला वेळ एकमेकांसाठी प्रार्थना.

विचारपुशीला तीनच प्रश्न, दर आठवड्याला तेच: वहीतल्या तिसऱ्या ओळींपैकी कोणती केली, कोणती राहिली? कोणाशी काही बिनसलंय का? या आठवड्यात कोणासाठी काय करणार? उत्तर देणाऱ्याला कुणी सल्ला द्यायचा नाही, त्याने मागितला तरच. खोल पापकबुली अकरा जणांसमोर नको. त्यासाठी गटातच तिघा-तिघांच्या जोड्या करा, पुरुषांच्या वेगळ्या, स्त्रियांच्या वेगळ्या, आणि त्या पंधरवड्यातून एकदा भेटतील.

गुप्ततेचा नियम पहिल्या दिवशी आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा सांगा. गावात गट फुटतात ते बहुतेक एकाच कारणाने: 'प्रार्थनेची विनंती' म्हणून एकाची गोष्ट दुसऱ्या घरी पोहोचते. दुसऱ्याची विनंती त्याला विचारल्याशिवाय गटाबाहेर सांगायची नाही, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नाही. गुप्ततेला अपवाद मात्र आहेत आणि तेही आधीच सांगा: लहान मुलावर अत्याचार, घरातली मारहाण, जीव देण्याची भाषा. हे कळलं तर गप्प बसता येणार नाही. मुलांसाठी 1098, स्त्रियांसाठी 181 हे मदतीचे क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं कायद्याने बंधनकारक आहे, मंडळीत मिटवून टाकायची ती बाब नाही.

खाण्यापिण्याचं फक्त चहा ठेवा. पहिल्या घरी चहा-बिस्किटं, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी वडे होतात, आणि चौथं गरीब घर "आमच्याकडे नको" म्हणतं.

ज्ञानी भावाबद्दल. त्यांना गप्प करू नका, काम द्या. बैठकीच्या दोन दिवस आधी त्यांनी त्या अध्यायाची पार्श्वभूमी एका पानात लिहून गटप्रमुखाला द्यावी, आणि बैठकीत ती पाच मिनिटांत मांडावी. त्यानंतर त्यांचा नियम असा की बाकी सगळे एकदा बोलेपर्यंत त्यांनी बोलायचं नाही. हे खासगीत, आदराने सांगा, आणि कारण सांगा: इफिसकरांस 4:12 प्रमाणे शिक्षकाचं काम पवित्र जनांना सेवेसाठी सिद्ध करणं हे आहे. सहा महिन्यांनी त्यांनी एका तरुणाला तेच पान लिहायला शिकवावं. ते हे करायला राजी झाले, तर ज्ञानाबरोबर तेही वाढतायत असं समजा. रागावून यायचे थांबले तर लगेच मागे लागू नका, पण घरी जाणं सोडू नका.

---

जड_अन्न

बांधाच्या भांडणाबद्दल मी लिहितो. ते 'मधे आलं तर' असं म्हणू नका, ते येणारच, आणि गटाचा खरा अभ्यास तिथे सुरू होईल. मत्तय 5:23-24 मध्ये प्रभू म्हणतो, वेदीजवळ असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर. तिथे चूक कोणाची हे विचारलेलं नाही.

पद्धत मत्तय 18:15-17 ची. आधी एकट्याने, एकांतात. जमलं नाही तर एक-दोन जणांना बरोबर घेऊन. मगच मंडळीपुढे. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो: आधी सगळ्या मंडळीला कळतं, शेवटी त्या माणसाला. बांधाचं प्रकरण असल्यामुळे अजून एक पायरी मी सुचवेन. वाद मापाचा असेल तर दोघांनी मिळून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्यावा, खर्च निम्मा-निम्मा. मोजणीने बांध ठरेल. मग जे उरेल ते शब्दांनी झालेलं दुखणं, आणि त्याची क्षमा मागायची असते. हे दोन प्रश्न एकत्र ठेवले की दोन्ही सुटत नाहीत.

क्षमा मागताना काय केलं ते नाव घेऊन सांगायचं: "तुमच्या मुलाच्या लग्नात मी सगळ्यांसमोर तुम्हाला चोर म्हटलं." "काही चुकलं असेल तर" हे शब्द नकोत, ते क्षमा मागणं नव्हे. वाक्यात 'पण' नको. नुकसान भरण्यासारखं असेल तर किती आणि कोणत्या तारखेला ते सांगायचं. जक्कय या जकातदाराने चौपट म्हटलं होतं (लूक 19:8), आणि मेंढरू चोरून कापल्यास किंवा विकल्यास चौपट भरपाई हे नियमशास्त्रातच आहे (निर्गम 22:1). आणि समोरच्याने लगेच क्षमा करावी असा आग्रह धरायचा नाही. त्याला वेळ लागेल.

इथे एक मर्यादा स्पष्ट ठेवा. क्षमा करणं आणि पूर्वीसारखं जवळ जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार खाणाऱ्या बाईला "सत्तर वेळा सात वेळा क्षमा कर" म्हणून त्याच घरात परत पाठवणं हा शास्त्राचा गैरवापर आहे. ती सुरक्षित जागी राहूनही क्षमा करू शकते. बदलल्याचा पुरावा देण्याचं ओझं मारणाऱ्यावर आहे, आणि तो पुरावा एका प्रार्थनासभेतल्या अश्रूंनी होत नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. दशमांशाचा आग्रह धरणाऱ्यांनी मत्तय 23:23 पूर्ण वाचावं: पुदिना, शेप, जिरे यांचा दशमांश देता आणि न्याय, दया, विश्वास सोडता, हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं. मजुराची मजुरी थकवून दिलेलं अर्पण देवाला नको आहे (याकोब 5:4). गटात कुणी मजूर लावत असेल तर हा प्रश्न विचारा. उपासाच्या दिवशी वाचलेलं जेवण किंवा त्याचे पैसे एखाद्या गरजू घरी जावेत, यशया 58:6-7 मध्ये उपासाचा अर्थच तो दिलाय. मधुमेह असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी, रोजच्या गोळ्या घेणाऱ्यांनी अन्नाचा उपास करू नये. मोबाईलचा किंवा टीव्हीचा करावा.

---

दररोजची_भाकर

एकाच वेळी सगळं सुरू करू नका, एवढंच जोडतो. पहिला महिना फक्त मार्क आणि तीन ओळी. दुसऱ्या महिन्यात रात्रीचं स्तोत्र आणि आत्मपरीक्षण. तिघांच्या जोड्या तिसऱ्या महिन्यापासून, एकमेकांवर थोडा भरवसा बसल्यावर. चौथ्यापासून एक सेवा सगळ्यांनी मिळून, महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी: अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरची कामं, सरकारी दवाखान्यात एकट्या रुग्णासाठी डबा. सेवा सुरू झाल्याशिवाय गट स्वतःभोवतीच फिरत राहतो. दर तीन महिन्यांनी एक आठवडा सुट्टी द्या, नाहीतर प्रमुख थकतो आणि वर्ष पूर्ण होत नाही.

आणि उशीर झाला म्हणून कुणी निराश होत असेल तर पंडिता रमाबाईंचं सांगा. बाप्तिस्मा 1883 चा, इंग्लंडमधला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त स्वतः नव्हे, हे त्यांना जवळजवळ आठ वर्षांनी उमगलं, आणि ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. केडगावचं मुक्ती मिशन, हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं मराठी बायबल, हे सगळं त्यानंतरचं. भाषांतर त्यांनी 1922 मध्ये मृत्यूपूर्वी हातावेगळं केलं.

पहिल्या बैठकीसाठी मार्कआधी फिलेमोनला पत्र घ्या. एकच अध्याय, 25 वचनं, मोठ्याने वाचायला चार मिनिटं पुरतात, म्हणून वाचता न येणाऱ्या भगिनींसह सगळ्यांना ते एका दमात ऐकता येतं. त्यात जुनं भांडण आहे, मालक फिलेमोन आणि त्याचा दास अनेसिम आहेत, पैशाचं येणं आहे, आणि अठराव्या वचनात पौल म्हणतो, "ते माझ्या हिशेबी मांड." वाचून झाल्यावर गटाला एवढंच विचारा: अनेसिम परत दाराशी आला तेव्हा फिलेमोनाच्या घरातल्यांनी काय केलं असेल? आणि प्रत्येकाचं ऐकून घ्या. बांधावर भांडलेले दोघेही तिथेच बसलेले असतील, त्यांचं नाव कुणी काढू नका.